डोक्यातला करंट आणि पाचवे शील

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली, सतरंज्या गोळा झाल्या, पोरांनी खाऊ घेतला आणि विहाराच्या दारातल्या चपला एकेक करून कमी झाल्या. कामशेतकडच्या एक ताई मात्र भिंतीपाशी उभ्याच होत्या. पदराच्या टोकाशी चाळा चालला होता. आमच्याकडे लोक बहुधा कागदासाठीच येतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पोराची शिष्यवृत्ती. आम्ही विचारले, "ताई, रेशनकार्डाचं काही अडलंय का?"

"नाही भाऊ," ताई म्हणाल्या. "माझ्या डोक्यात करंट बसतो. मान वळवली की बसतो. घरात कोणाला खरं वाटत नाही."

आम्ही हातातली सतरंजी खाली ठेवली. हेच शब्द, अगदी हेच, दोन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या सहचारिणीला सांगितले होते. तिलाही ते आधी खरे वाटले नव्हते.

ताईंची हकीकत थोडक्यात अशी. नवऱ्याचे कंत्राटी काम सुटले, घरात कर्ज झाले आणि ताईंचे जेवणखाण, झोप सगळे तुटले. एका डॉक्टरांनी गोळी दिली. दीड वर्ष घेतली, बरे वाटले. सासूबाई म्हणू लागल्या, "बरी झालीस ना, मग किती दिवस खाणार?" पाकिटाला पैसे पडत होते ते वेगळेच. ताईंनी एके दिवशी गोळी बंद करून टाकली. चौथ्या दिवसापासून चक्कर, मळमळ, रात्री भलतीसलती स्वप्ने आणि हा करंट. शेजारीण म्हणते, जुनं वेड परत आलं. मामेसासू म्हणते, बाहेरचं काहीतरी आहे, जाणत्याला दाखवा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे बोलणे चालले आहे, पण ते आज बाजूला ठेवू.

ताईंनी पिशवीतून रिकामे पाकीट काढून दाखवले. आमची कारकुनी सवय अशी, की कागद असो वा पाकीट, आधी मागची बाजू वाचायची. मागे एक नव्हे, दोन औषधांची नावे होती. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम. आपल्याकडे ही दोन औषधे एकाच गोळीत घालून सर्रास मिळतात. घेणाऱ्याला वाटते आपण एकच गोळी घेतो. सोडताना मात्र दोन औषधे एकदम सुटतात. त्यातले क्लोनाझेपाम झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांच्या जातीचे. बरेच दिवस घेऊन ते तडकाफडकी बंद केले तर एखाद्याला फिटसुद्धा येऊ शकते. आम्ही ताईंना सांगितले, "हे आजच्या आज डॉक्टरांच्या कानावर घाला. उद्यावर नको."

आमची स्वतःची हकीकत या सदरात कधी लिहू असे वाटले नव्हते. पण ताईंना ती विहाराच्या ओट्यावर बसून सांगितली. एकीला सांगितली तर इतरांपासून लपवण्यात काय अर्थ आहे?

२०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचा थोरला भाऊ गेला. अंत्यविधीला चार माणसे, पुण्यानुमोदन मोबाईलवर. ज्याच्या खांद्यावर बसून आम्ही पहिली भीमजयंतीची मिरवणूक पाहिली, त्याला खांदा द्यायला मिळाला नाही. दोनतीन महिने आम्ही तसेच रेटले. मग झोप गेली. पहाटे तीनला डोळे उघडत ते उघडेच. कचेरीत एकच बेरीज तीनदा मारली तरी जुळेना. बी.कॉम. झालेल्या माणसाला बेरीज जमत नाही, यापुढे त्याने काय करावे? लोणावळ्याच्या पावसात छत्री मिटलेली ठेवून चालत घरी आलो, तेव्हा सहचारिणीने हात धरून डॉक्टरांकडे नेले. पॅरॉक्सेटिन नावाची गोळी सुरू झाली. पाचसहा आठवड्यांत बेरीज जुळू लागली. गोळीने आम्हाला उठवून बसवले हे आधीच स्पष्ट सांगतो. हा लेख गोळीच्या विरोधातला नाही.

पुढची तारीख २५ डिसेंबर २०२३. २५ डिसेंबर म्हणजे देहूरोड. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी तेथे आपल्या हाताने बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मावळातली आपली माणसे हा दिवस चुकवत नाहीत. संध्याकाळच्या लोकलने परत येताना आम्ही बाटलीतल्या पाण्याबरोबर गोळी घेतली. समोर ओळखीतले एक बुजुर्ग बसले होते. त्यांनी विचारले आणि आम्ही खरे ते सांगितले. ते म्हणाले, "अरे, तू पोरांना दारू सोडा म्हणून सांगत फिरतोस आणि स्वतः रोज मेंदूची गोळी खातोस? मग पाचवं शील कुठं राहिलं? मन खंबीर कर, ध्यानाला बस, गोळी आपोआप सुटेल."

डब्यातली चारदोन माणसे हसली. बुजुर्गांच्या मनात काही वाईट नव्हते. पण वडगाव गेले, कान्हे गेले, कामशेत गेले, लोणावळा येईपर्यंत आम्ही खिडकीबाहेर अंधारच पाहत होतो. घरी येताच पाकीट कचऱ्यात टाकले. घरात सांगितले, "डॉक्टरांनी बंद करायला सांगितली." म्हणजे पाचवे शील राखायला निघालो आणि पहिल्याच रात्री चौथे मोडले.

तिसऱ्या दिवशी कचेरीच्या जिन्यात डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले आणि डोक्याच्या आत झटका बसला. जुन्या टेबलफॅनच्या दांडीला ओला हात लागल्यावर बसतो तसा, पण कानांच्या मधोमध. पायरी चुकली. मग दिवसातून वीस, पंचवीस, चाळीस झटके. जमीन होडीसारखी हलायची. उशी घामाने भिजायची. पोरीच्या हातून चहा सांडला तर आम्ही असे ओरडलो, की ती आठवडाभर आमच्यासमोर कप धरायला घाबरे. दहा मिनिटांनी त्याच पोरीच्या वहीतले अक्षर पाहून आमच्या डोळ्यांना धार लागली. आपण कोण आहोत हेच कळेना.

१ जानेवारी उजाडला. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला आम्ही कोरोनाची दोन वर्षे सोडली तर वीस वर्षे नेमाने गेलो आहोत. वस्तीतून गाडी आमच्या पुढाकाराने निघते. २०२४ च्या १ जानेवारीला पहाटे गाडी दारात उभी होती आणि आम्ही न्हाणीघराच्या भिंतीला धरून उभे होतो. "ताप आहे, तुम्ही व्हा पुढे," असे आतूनच ओरडून सांगितले. गाडी गेली. त्या दिवशी वाटले, आजार परत आला, आता आपण कायमचेच असे.

ज्या खाजगी डॉक्टरांकडे गेलो त्यांनीही तेच सांगितले. "गोळी सोडून आठ दिवस झाले. औषध आता अंगात नाही. हा तुमचा जुनाच आजार." सहचारिणीला ते पटेना. ती सातवी शिकलेली आहे, पण तिचे म्हणणे साधे होते. "अहो, तेव्हा तुम्ही गप्प पडून राहायचात. आता भांडता. तेव्हा चक्कर नव्हती. हा तोच आजार कसा?" एवढ्यावर थांबून तिने आम्हाला सरकारी दवाखान्यात नेले. रांगेत अडीच तास गेले. टेबलामागे एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. गोळी कधी सोडली, त्रास कधी सुरू झाला आणि पहिल्या आजारात हा करंट बसत होता का? तिसऱ्या प्रश्नाला आम्ही "नाही" म्हटले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "हा आजार परत आलेला नाही. गोळी एकदम सोडल्याचा त्रास आहे. गोळी पुन्हा सुरू करू आणि मग हळूहळू उतरवू." गोळी सुरू केली आणि तीनचार दिवसांत झटके विझले. नैराश्य असे तीन दिवसांत विझत नसते. त्याला आठवडे लागतात. आमची खात्री तिथे पटली.

डॉक्टर बाईंनी सांगितलेले आणि पुढे आम्ही वाचून समजून घेतलेले इथे देतो. या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाच्या वागण्यात बदल घडवतात. महिनोन्‌महिने गोळी चालू राहिली, की मेंदू त्या बदलाला धरून आपली घडी बसवतो. गोळी अचानक गेली की घडी विस्कटते, आणि ती परत बसायला वेळ लागतो. औषध अंगातून चारसहा दिवसांत निघून जाते हे खरे, पण घडी चारसहा दिवसांत बसत नाही. पहिल्या डॉक्टरांची गफलत इथे झाली होती. पॅरॉक्सेटिनची रक्तातली मात्रा साधारण एका दिवसात निम्मी होते, व्हेन्लाफॅक्सिनची तर काही तासांतच. म्हणून या दोन गोळ्या सोडताना फार छळतात. फ्लुऑक्सेटिन अंगात कितीतरी दिवस रेंगाळते, म्हणून तिचा त्रास बहुधा उशिरा आणि कमी.

हे काही नवे नाही. या प्रकारातली जुनी गोळी इमिप्रमिन. ती सोडणाऱ्यांना होणारा त्रास परदेशातल्या डॉक्टरांनी १९५९ सालीच नोंदवला होता. तरीही कितीतरी वर्षे डॉक्टरांच्या मार्गदर्शनात असेच लिहिले जाई, की त्रास हलका असतो आणि आठवडाभरात जातो. इंग्लंडमधल्या 'नाईस' या सरकारी संस्थेने २०१९ साली आपले शब्द बदलले आणि काहींना हा त्रास तीव्र होतो, लांबतोही, असे मान्य केले. साठ वर्षे लागली. गरिबाचे दुखणे ऐकायला साहेबाला वेळ लागतो हे आपल्याला ठाऊक होते. इथे तर श्रीमंत देशातल्या रुग्णांचेही कोणी ऐकले नव्हते.

पण घाबरून जायचेही कारण नाही. २०२४ साली ७९ अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २१ हजार लोक होते. गोळी सोडणाऱ्यांपैकी शंभरात ३१ जणांना काही ना काही त्रास झाला. पण ज्यांना नुसती खडूसारखी खोटी गोळी दिली होती आणि तीच बंद केली, त्यांच्यातही शंभरात १७ जणांनी त्रास सांगितला. म्हणजे भीतीचा वाटा वजा केला तर शंभरात पंधराएक जणांना गोळी सोडल्याचा खरा त्रास. जबर त्रास साधारण ३५ जणांत एकाला. त्यातल्या बऱ्याच अभ्यासांतले लोक थोडेच महिने गोळी घेणारे होते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचा आकडा याहून मोठा असू शकतो, असे काही तज्ज्ञ म्हणतात. आम्ही त्या ३५ तले एक निघालो. लॉटरी कधी लागली नाही, ही मात्र लागली.

आता गोळी उतरवायची कशी? लोणावळ्याच्या माणसाला हे घाटावरून चटकन समजेल. कर्जतहून गाडी वर चढताना मागून बँकर इंजिने लावतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. पण रेल्वेत नोकरी केलेला कोणीही सांगेल, की खरी काळजी उतरताना. खंडाळ्याखाली गाडी सोडायची ती ब्रेक तपासून, वेग बांधून. लवकर पोचायचे म्हणून कोणी ब्रेक सोडत नाही.

गोळीच्या घाटात आणखी एक मेख आहे. शेवटचा उतार सर्वांत उभा. सिटॅलोप्रॅम नावाच्या गोळीवर मेंदूचे फोटो काढून शास्त्रज्ञांनी मोजमाप केले आहे. २० मिलिग्रॅमला सेरोटोनिनचा मार्ग सुमारे ८० टक्के अडतो. मात्रा चौथाईवर, म्हणजे ५ मिलिग्रॅमवर आणली तरी तो सुमारे ६० टक्के अडलेलाच असतो. म्हणजे विसावरून पाचावर आलो तर उतार वीसेक टक्क्यांचा, आणि पाचावरून एकदम शून्यावर गेलो तर साठ टक्क्यांचा! आपण तर "आता अर्धीच राहिली, काय व्हायचंय" म्हणून नेमकी तिथेच उडी मारतो. म्हणून शेवटच्या पायऱ्या जास्त बारीक आणि जास्त सावकाश हव्यात. एक दिवसाआड गोळी घ्यायची युक्ती काही लोक करतात. ती बरोबर नाही, कारण त्यात औषध रोज वरखाली होते आणि मेंदूला दर दोन दिवसांनी झटका बसतो.

आम्हाला २० वरून शून्यावर यायला तेरा महिने लागले. मेडिकलमध्ये गोळी कापायची प्लॅस्टिकची डबी मिळते, तिने अर्धे आणि पाव तुकडे केले. साडेसातावर पावसाळाभर अडकून बसलो, पुढची पायरी उतरेना. डॉक्टर बाई म्हणाल्या, "घाई कुणाला आहे?" हा आमचा हिशेब आहे, तुम्ही उचलू नका. कोणाला दोन महिने पुरतात, कोणाला दोन वर्षे. ज्या पाकिटावर सी.आर., एस.आर. किंवा एक्स.एल. अशी अक्षरे असतात ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कापायची नाही. आणि सगळ्यांनी गोळी सोडलीच पाहिजे असेही नाही. वर्षानुवर्षे गोळी घेऊन बरे असलेल्या लोकांचा एक अभ्यास इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात, गोळी चालू ठेवलेल्यांपैकी शंभरात ३९ जणांचे नैराश्य उलटले, उतरवून बंद केलेल्यांपैकी ५६ जणांचे. ज्यांना आजार दोनतीनदा उलटून आला आहे त्यांनी लोकलमधल्या हसण्यापायी गोळी सोडण्याचा विचार करू नये.

आता त्या पाचव्या शिलाविषयी. मद्य आणि ज्यामुळे माणूस बेहोश होतो, बेसावध होतो, असे पदार्थ वर्ज्य करणे हा त्या शिलाचा अर्थ. ज्या गोळीने आमची बेरीज जुळू लागली, पोरीच्या शाळेची फी भरायची तारीख लक्षात राहू लागली, ती बेहोशीची गोळी कशी? दारुड्याला आज एक तर उद्या दोन लागतात, तो बाटलीसाठी बायकोची पोत विकतो. एस्सिटॅलोप्रॅमसाठी कोणी पोत विकल्याचे आम्ही ऐकले नाही. शरीराला सवय होणे वेगळे आणि व्यसन वेगळे. बाबासाहेबांना मधुमेह होता, मज्जातंतूंचे दुखणे होते. ते इन्सुलिन घेत. डॉ. सविता आंबेडकर स्वतः डॉक्टर, त्या त्यांचे पथ्यपाणी सांभाळत. इन्सुलिन घेत घेत त्या महापुरुषाने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून पुरा केला. त्यांना कोणी मनाचे कच्चे म्हणेल काय? पायाच्या मज्जातंतूला औषध चालते आणि मेंदूच्या मज्जातंतूला चालत नाही, हा कुठला न्याय?

ध्यानाबद्दलही अनुभव सांगतो. झटक्यांच्या दिवसांत डोळे मिटून बसलो की झटके वाढत. डोळे उघडे ठेवून, भिंतीवरच्या एका डागाकडे पाहत दहा मिनिटे श्वास पाहणे एवढेच जमले, आणि तेवढ्याने बरे वाटले. काही दिवशी तेही जमले नाही. तेव्हा मळवलीला उतरून भाजे लेण्यांपर्यंत चालत जाई. ज्यांना दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचे आहे त्यांनी अर्जात आजार आणि औषधे खरी लिहावीत. शिबिरासाठी म्हणून गोळी बंद करून जाणे हा तर जिवाशी खेळ.

भाज्याच्या लेण्यात भिक्खूंच्या खोल्या आहेत, त्यांत झोपायला कातळातच कोरलेले ओटे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे काम. बाहेर मावळचा पाऊस कोसळतो आहे आणि तीन महिन्यांच्या वर्षावासात एखादा भिक्खू त्या गार दगडावर आजारी पडला आहे, असे चित्र त्या दिवसांत आमच्या डोळ्यांपुढे येई. विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून आजाऱ्याची सेवा करणे हे एकमेकांचे काम आहे, असे समजावले. हा प्रसंग आपण व्याख्यानांत सांगतो. पण त्याच ठिकाणी आजाऱ्याने कसे वागावे हेही सांगितले आहे, ते कोणी सांगत नाही. आजाऱ्याने औषध घ्यावे, आणि आपले दुखणे जसे आहे तसे सेवा करणाऱ्याला सांगावे. वाढत असेल तर वाढते आहे, उतरत असेल तर उतरते आहे, तसेच असेल तर तसेच आहे, असे.

हे वाचले आणि आमच्यातला कारकून जागा झाला. दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले. तारीख, मात्रा, झोपेचे तास, झटके किती, आणि शेवटचा रकाना 'वाढ, उतार की तसेच'. रोज रात्री दोन मिनिटे. डॉक्टर बाईंना दर महिन्याला वही दाखवायची. आमच्या तोंडच्या रामायणापेक्षा त्यांना ती जास्त कामाला आली. वहीने एक गोष्ट आम्हालाही दाखवली. वाईट दिवस सलग नसत. चार वाईट, दोन बरे, पुन्हा पाच वाईट, मग तीन बरे. वाईट दिवशी माणसाला वाटते की बरा दिवस कधी नव्हताच. वही उलटली की तो तिथे शाईने लिहिलेला सापडे.

शेवटची गोळी २०२५ च्या फेब्रुवारीत संपली. पेढे वाटायचे मनात होते. पण त्रास तिथे संपला नाही. मोठा आवाज सहन होईना. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपासून लांब उभे राहावे लागले, आणि याबद्दल फारसे दुःख झाले नाही हेही सांगून टाकतो. पहाटे छातीत धडधड. कधी मधेच एखादा झटका, गाडी गेल्यावर रूळ वाजतो तसा. सहा महिने हे रेंगाळले. प्रत्येक वेळी शंका यायची, हा आजार तर नव्हे? डॉक्टर बाईंचा ठोकताळा असा, की सोडल्याचा त्रास मात्रा कमी केल्यावर दिवसांत सुरू होतो, त्यात चक्कर, झटके असे अंगाचे त्रास असतात आणि तो लाटांनी येतो. नैराश्य उलटते ते बहुधा काही आठवड्यांनी, महिन्यांनी, सावकाश, आणि मग बरा दिवस मधे डोकावत नाही. दोन्ही एकत्रही येऊ शकतात, म्हणून तपासणी सोडायची नाही.

या सहा महिन्यांत सहचारिणीने जे केले ते घरोघरी व्हावे. "बरं वाटतंय का" हा प्रश्न तिने दिवसातून एकदाच विचारायचा ठरवला, रात्री, वही लिहिताना. आम्ही ओरडलो तर ती म्हणे, "हे गोळीचं बोलणं आहे, पण ओरडलात ते ओरडलातच. पोरीला जवळ घ्या आधी." घरात दारू नव्हतीच. दुपारनंतरचा चहाही बंद केला, तो मात्र आम्हाला फार लागला.

रोजंदारीवरच्या माणसाची अडचण वेगळीच. दवाखान्यात गेले की दिवसाचा पगार गेला. सरकारी गोळी कधी संपलेली असते, पावसात लोकल अडकते आणि पाकीट संपून चार दिवस होतात. हेसुद्धा एकदम सोडणेच झाले. म्हणून पाकिटात आठ गोळ्या उरल्या की पुढची सोय बघायची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा आपला हक्क केला आहे. "साठा नाही" हे उत्तर ऐकून मुकाट्याने परत फिरू नका, लेखी मागा. अर्ज आम्ही लिहून देऊ. रात्रीबेरात्री जीव नकोसा वाटला, किंवा घरातल्या कोणाच्या तोंडून तसे शब्द आले, तर सकाळची वाट न पाहता १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येते. आणि अशा माणसाला एकटे सोडू नका.

कामशेतच्या ताई त्याच दिवशी नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. दोन औषधे वेगवेगळी करून, आधी एक आणि मग दुसरे उतरवायचे ठरले आहे. गेल्या रविवारी त्या वही घेऊन आल्या होत्या. पोराच्या जुन्या वहीची उरलेली पाने, रकाने पट्टीने आखलेले. शेवटच्या रकान्यात नऊ दिवस 'तसेच' आणि दोन दिवस 'उतार'. सासूबाईही बरोबर होत्या. वही त्यांच्याच पिशवीत होती.

वस्तीतून १ जानेवारीच्या गाडीची नोंदणी सुरू झाली आहे. पुढच्या बाकावरची एक जागा आम्ही आमच्या नावावर लिहून ठेवली आहे.